उन्हात जपलेली खोकी

मंडळी, खेळणी जमवणाऱ्यांच्या आपल्या या ई-मेल गटावर मी एरवी टवाळक्याच जास्त करतो. आज तसं जमणार नाही.

दुपारी पनवेलच्या माझ्या खेळण्यांच्या दुकानात सुकापूरचे धोंडूकाका आले. शेत सरकारी प्रकल्पात गेलं, तेव्हा मिळालेल्या पैशांतून त्यांनी जहाजावर नोकरीला असलेल्या भाच्याकडून जोडून खेळायच्या परदेशी ठोकळ्यांचे संच घेऊन ठेवले होते. कंपनीने बनवणं थांबवलं की सीलबंद खोक्यांना भाव येतो, असं भाचा म्हणाला होता. ते खरंच आहे. आता काकूंच्या हृदयाचं ऑपरेशन आहे, म्हणून विकायला आणले.

गाठोडं सोडलं. सील शाबूत, पण खोकी पांढरीफटक. वरची चित्रंसुद्धा ओळखू येईनात.

"काका, ही उन्हात होती का?"

"मंग! दर चैतात पत्र्यावर ठेवतो, बियाणाला ऊन दावतो तशी. भाचा बोलला व्हता, ओल लागू देऊ नको. बुरशीचा एक ठिपका दाव!"

ठिपका खरंच नव्हता.

असे संच जमवणारं शौकीन गिऱ्हाईक नव्यासारख्या खोक्याचेच पैसे देतं, हे त्यांना सांगावं लागलं. साधं खेळणं म्हणून विकले, तर ते पैसे ऑपरेशनला मुळीच पुरणार नाहीत.

काका बराच वेळ खोक्यावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "शेट, आता सावलीत ठेवली तर रंग परत येल काय?"

विकून देतो म्हणून संच माझ्याकडेच ठेवून घेतलेत. आपल्यापैकी कुणी पूर्ण भावाने घेईल का? विचारतोय खरा, पण तुमच्यापैकी कुणी असे संच विकायला आणले असते तर मीही पूर्ण भावाने घेतले नसते.