पुलावरचा नारळ

मामीचा फोन आला तेव्हा मी पावर हाउस नावाच्या भागातल्या बाजारात भाजी घेत होते. “तुहे मामा गेले…” एवढंच ती म्हणाली. निवडलेली वांगी तशीच टाकून मी ऑटोत बसले. कुठे जायचं विचारल्यावर तोंडून सवयीनं निघालं, “पुलाजवळ.” जामुलकडच्या नाल्यावरचा तो पूल ठेकेदारानं बांधला, मामा तिथे नुसता सुपरवायझर होता. पण आमच्या घरात तो मामाचाच पूल.

छत्तीसगड वेगळं झालं त्या सुमाराची गोष्ट. बाबा गेल्यावर मामा भंडाऱ्याला आला आणि आईला, मला इकडे आपल्या घरी घेऊन आला. इथे शेजारणी हळदीकुंकवाला मामीला बोलावत, आईला नाही. आई मग आत बसून निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडायची. मामाला भाषण जमत नसे. चिडला की तो चष्मा पुसायचा, आणि त्या दिवसांत त्याचा चष्मा फार स्वच्छ असे.

नाल्याच्या अलीकडे बाजार आणि शाळा, पलीकडे मजुरांची वस्ती. इकडची माणसं तिकडचं पाणी पीत नसत. “पूल झाला का एकमेकायच्या दारावरूनच जा लागंल,” मामा म्हणायचा आणि स्वतःशीच खूश व्हायचा.

स्लॅब पडायचा तो दिवस अक्तीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. मिक्सर फिरत होता, रेजा, म्हणजे मजूर बाया, घमेली घेऊन रांगेत उभ्या होत्या. पूजेचं ताट आईनं आणलं आणि ती दूर जाऊन उभी राहिली. मामानं ठेकेदाराकडे न बघता नारळ तिच्यापुढे धरला. “ताई, तू फोड.”

“मले कावून सांगतो? लोक काय म्हणतीन?”

ठेकेदार कुरकुरला, अपशकुन होईल म्हणाला. मामा चष्मा पुसू लागला. सगळं काम थांबलं. कालवलेलं काँक्रीट, ज्याला तिथे मसाला म्हणतात, ते काही कोणासाठी थांबत नाही. घट्ट झालं की फेकूनच द्यायचं. आईचा पाय पुढे पडेना. अखेर रांगेतली पहिली रेजा वैतागून म्हणाली, “फोर दे न दीदी, मसाला सुखात हे!” आई दचकली, चार पावलं पुढे आली आणि तिनं नारळ असा आपटला की पाणी ठेकेदाराच्या सदऱ्यावर उडालं. संध्याकाळपर्यंत स्लॅब पडत राहिला. घरी येताना आई हसत होती. बाबा गेल्यापासून मी तिला तशी पाहिली नव्हती.

तेव्हापासून दर अक्तीला दोघं पुलावर जात. आई नारळ फोडायची, मामा येणाऱ्याजाणाऱ्याला खोबरं वाटायचा. कधीकाळी हळदीकुंकवाला न बोलावणाऱ्या बायकाही हात पुढे करत. मामा त्यांना जरा मोठा तुकडा देई.

यंदा अक्ती आली ती मामाविना… मामी खोलीतून बाहेर पडत नव्हती. कपाळ मोकळं, समोर निवडलेल्याच तांदळाचं सूप. आईनं ते सूप उचलून फळीवर ठेवलं आणि तिला हाताला धरून पुलावर आणलं. कठड्याशी मामी थबकली. “ताई, मी कशी… आता मले नाही शोभत.”

आईला मामाची खूप आठवण येत होती, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिनं नारळ मामीच्या हातात दिला.

“फोड, सुमन. मसाला वाळून राहिला.”

मामी रडता रडता हसली, आणि तिनं नारळ फोडला. खोबरं मी वाटलं.