तक्रार क्रमांक एक

छापून आलेल्या माझ्या बातम्या मी कधीच विसरलो. संपादकांनी "यात बातमी काय?" म्हणून परत केलेली मात्र एकही विसरलो नाही! त्या टेबलाच्या खणात साठत गेल्या, आणि एकदा खण उपसला तेव्हा कळलं, निम्म्या टेंभी नाक्यावरच्या एकाच खोलीतल्या आहेत. नव्वदीची सुरुवात होती. कुणी फीत कापली की पहिलं पान. ठाण्यातला पोरगा स्वतःच्या हिमतीवर सॉफ्टवेअर लिहितोय, ही बातमीच नव्हे! तो राग अजून गेलेला नाही. म्हणून सांगतो.

हा पोरगा म्हणजे मंगेश नाखवा, चेंदणी कोळीवाड्यातला. वागळे इस्टेटमधल्या फॅक्टरीतली पक्की नोकरी सोडून तो त्या खोलीत दुकानदारांसाठी, डॉक्टरांसाठी प्रोग्राम लिहायचा. जोडीला डोंबिवलीच्या सुलभाताई. वीस वर्षं शाळेत गणिताच्या वह्या तपासून झाल्यावर त्या मंगेशचे प्रोग्राम तपासायला आल्या होत्या.

गिऱ्हाइकांच्या तक्रारी चिठ्ठ्यांवर लिहून मॉनिटरला चिकटवलेल्या असत. एके दुपारी मंगेशने पंखा पाचवर केला आणि आठवड्याभराच्या तक्रारी खिडकीतून थेट नाक्यावर!

"चला, सगळे दोष गेले!" मंगेश म्हणाला.

"चिठ्ठ्या गेल्या. दोष जिथल्या तिथे आहेत," ताई म्हणाल्या.

त्यातून 'तक्रारवही' जन्माला आली. तक्रारींची नोंद ठेवणारा प्रोग्राम, एकट्यादुकट्याने काम करणाऱ्या प्रोग्रामरांसाठी. त्यातला नियम ताईंचा: ज्याची तक्रार, त्यानेच ती बंद करायची. बंद करताना तीनपैकी एक कारण निवडायचं. दोष दुरुस्त झाला, दोष पुन्हा दिसला नाही, किंवा दोष नव्हताच.

"प्रोग्राम माझा, आणि मीच तक्रार बंद करायची नाही?"

"तुझ्या हातात दिलं तर एकूण एक दोष 'नव्हताच' होईल, मंगेश!"

*

वही तयार झाली, पण पहिली तक्रार कुणाची? तेवढ्यात मंगेशचे वडील, अण्णा, डबा घेऊन आले.

"अण्णा, तुमची काही तक्रार?" ताईंनी गमतीने विचारलं.

"हाय ना! लिव. पोरानं पक्की नोकरी सोडली."

"साधी, गंभीर की अतिगंभीर?"

"त्याच्या वर काय नाय का?"

झाली नोंद, क्रमांक एक! अण्णांना गंमत कळत नव्हती असं नाही, पण ते गमतीत नव्हते. फॅक्टरीच्या मॅनेजरला त्यांनी शब्द दिला होता: दसऱ्यापर्यंत मोठं काम मिळालं नाही, तर मंगेश परत कामावर. मंगेशनेही ते कबूल केलं होतं.

अण्णा गेल्यावर मंगेश नोंद पुसायला बसला. पुसेना! पुसायची सोय त्याने स्वतःच ठेवली नव्हती.

*

वहीचं पहिलं गिऱ्हाईक डोंबिवलीचे जोशी. घरी बसून एकटेच हाउसिंग सोसायट्यांसाठी प्रोग्राम लिहायचे. पंधरा दिवसांत त्यांचा फोन. चिडलेले.

"अहो नाखवा, तुमची वही बिघडलेली आहे! माझ्या प्रोग्राममध्ये सतरा दोष दाखवतेय!"

"वही घेण्याआधी किती होते?"

"एकसुद्धा नव्हता!"

*

कल्याणच्या एका वाचनालयाला मंगेशने पुस्तकांच्या नोंदीचा प्रोग्राम दिला होता. ग्रंथपालांची तक्रार आली: "कधीकधी सकाळी प्रोग्राम आपोआप पुढे पळतो." मंगेश दोनदा जाऊन आला. दोन्ही वेळा तो गेला बुधवारी, आणि प्रोग्राम शहाण्यासारखा चालला. ताईंनी फर्मान काढलं: मशीनपाशी आल्यापासून काय काय करता, क्रमवार लिहून पाठवा.

उत्तर आलं. "एक, चपला बाहेर काढतो. दोन, मशीन चालू करतो. तीन, उदबत्ती लावतो. चार, गुरुवार असल्यास मॉनिटरला झेंडूचा हार घालतो. पाच, हाराचं टोक कीबोर्डवर नीट टेकवतो."

टोक टेकत होतं एन्टरच्या बटणावर!

ग्रंथपालांनी तक्रार बंद केली. कारण दिलं, "दोष पुन्हा दिसला नाही." खाली शेरा, "हार आखूड केला आहे."

*

नवरात्रात मोठं काम समोर आलं. ठाण्यातल्या एका इस्पितळाला रुग्णांच्या नोंदीचा प्रोग्राम हवा होता. निवडीसाठी इस्पितळाच्या सभागृहात प्रात्यक्षिक ठेवलं: मुंबईच्या कंपनीचा टायवाला एकीकडे, मंगेश दुसरीकडे. मी वार्ताहर म्हणून हजर, आणि अण्णा डबा मांडीवर घेऊन शेवटच्या रांगेत.

टायवाला म्हणाला, "आमच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष नसतातच!"

सुलभाताई उठल्या आणि त्याच्याच मशीनवर बसल्या. त्यांनी एक रुग्ण सोमवारी दाखल केला आणि त्याच्या आदल्या रविवारी घरी पाठवला. मशीनने मुकाट्याने घेतलं! सभागृह हसलं.

टायवाला खवळला. मंगेशच्या पडद्यावर तक्रारवही उघडी होती, ती त्याने मोठ्याने वाचायला घेतली. "तक्रार क्रमांक एक. पोरानं पक्की नोकरी सोडली. अतिगंभीर. अजून उघडी! अहो, यांच्यावर घरच्यांचा विश्वास नाही!"

आता हशा मंगेशवर होता. तो मान खाली घालून उभा राहिला. अण्णा डब्याच्या कडीशी चाळा करत बसले.

इस्पितळाच्या मुख्य डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. "ही नोंद पुसली का नाहीत?" त्यांनी विचारलं.

"तक्रार अण्णांची आहे, मॅडम. मला ती बंद करता येत नाही."

"ज्याला बापाची तक्रार दडपता येत नाही," बाई म्हणाल्या, "तो माझ्या नर्सचीही दडपणार नाही. काम यांना द्या!"

मी धावत ऑफिस गाठून बातमी लिहिली. संपादकांनी चष्म्यावरून पाहिलं. "यात बातमी काय?"

*

दसऱ्याला पूजेच्या वेळी मी खोलीवर गेलो. अण्णा झेंडूचा हार घेऊन आले होते.

"अण्णा, टोक कीबोर्डवर नको!" ताई ओरडल्या.

अण्णांनी हार मॉनिटरला घातला, टोक मागे टाकलं आणि खुर्ची ओढून बसले. "माझी ती तक्रार काढ रं."

मंगेशने काढली. तीन कारणं पडद्यावर आली.

"पहिलंच घ्या, अण्णा. दोष दुरुस्त झाला."

अण्णांनी चष्मा नाकावर नीट बसवला. तिन्ही ओळी ओठांतल्या ओठांत वाचल्या. मग खालच्या बाणावर बोट ठेवून एकदा दाबलं. थांबले. पुन्हा एकदा दाबलं.

मग एन्टर.

"तक्रार क्रमांक एक बंद. दोष नव्हताच."