फळीपायी न प्यालेली कॉफी

आमचा हायल दुकानात शिरला की आधी त्याचे हात आत जातात, मागनं अंग. साबण घ्यायला आलेला माणूस साबण घेईल आणि वाटेला लागेल, ह्याचं तसं नाही. वाकडी पुडी सरळ कर, मागं सरलेली बरणी पुढं ओढ, लेबलाचं तोंड गिऱ्हाइकाकडं फिरव, असं करत हा दुसऱ्याच्या दुकानाला वेणीफणी करून बाहेर पडतो. एकदा मयताच्या घरी बसलो होतो, तिथंही ह्यानं खजुराच्या ताटल्या एका ओळीत लावल्या. माझी बहीण त्याला दिलीय, त्यामुळं मला खाली मान घालून बसावं लागलं.

खोड जुनी आहे. बिस्किटांच्या एका कंपनीत त्याची जवानी गेली. काम एवढंच, इरबिद शहरातल्या आणि आसपासच्या दुकानांत हिंडायचं आणि फळीवर बिस्किटं मांडायची. "डोळ्याम्होरल्या फळीवर पाटील बसतो आन् गुडघ्याखालच्या फळीवर भिकारी," असं तो सांगायचा. पुढं कंपनीनं माणसं कमी केली. हायल घरी बसला आणि माझ्या बहिणीच्या स्वयंपाकघरातली मांडणी रोज बदलायला लागला. मिठाचा डबा सापडेना तेव्हा तिनं त्याला घराबाहेर काढलं. नगरपालिकेचा कसला तरी शिकवणीवर्ग होता, तिथं जाऊन बसला आणि फोनातल्या एआयशी सोयरीक जमवून आला.

त्यातनं धंदा निघाला तो असा. आमच्या डोंगरातली माणसं घरच्या घरी काहीबाही करतात. कुणाचा ऑलिव्हच्या तेलाचा साबण, कुणाच्या झातरच्या, म्हणजे तीळ घालून कुटलेल्या रानओव्याच्या, पुड्या, कुणाचा आटवलेला डाळिंबाचा रस. माल एक नंबर, पण मोठ्या दुकानात गेला की कंपन्यांच्या गर्दीत जत्रेत पोर हरवावं तसा हरवतो. हायल फळीचे फोटो काढायचा, शेजारी कुणाचा माल, भाव काय, थंडी की उन्हाळा, सगळं फोनाला सांगायचा, आणि फोन नकाशा काढून द्यायचा. ही पुडी इथं, ती बरणी तिथं. एकदा त्यानं फोनाच्या सांगण्यावरनं झातर वह्या-पेनांशेजारी लावला. लोक हसले. पण दिवस परीक्षांचे, आणि झातर खाल्ला की पोरांचं डोकं चालतं हे आमच्याकडं कुठल्या आईला ठाऊक नाही? पुड्या बघता बघता उडाल्या. तेव्हापासनं हायलचा शब्द चालायला लागला.

अजलूनची फिद्दा खाला त्याच्याकडं आली ती ह्याच बोलबाल्यानं. खाला म्हणजे नात्यानं कुणाचीच मावशी नव्हे, पण वयानं आणि तोंडानं सगळ्या डोंगराची. तिचा माल मकदूस. बोटाएवढी वांगी उकडून, दाबून, पोटात अक्रोड, लसूण आणि लाल मिरची भरून ऑलिव्हच्या तेलात मुरवलेली. सकाळी भाकरीबरोबर एक खाल्लं की दुसऱ्याला हात जातोच. शरदात वांगी येतात तेव्हा ती आणि तिच्या दोन जावा वर्षाचा माल भरून ठेवतात. गेल्या साली खालानं धाडस केलं, तळघर भरून बरण्या घातल्या आणि हायलच्या हातनं इरबिदला अबू नाएफच्या दुकानात एक फळी मिळवली.

अबू नाएफचं दुकान म्हणजे दोन मजले. तिथली डोळ्यासमोरची फळी मिळणं म्हणजे पंगतीत नवऱ्यामुलाशेजारी पान मिळणं. आणि त्याच फळीवर एका मोठ्या कारखान्याचा डोळा होता. त्यांचा माणूस रोज येऊन बसायचा. रमजान जवळ आला तसं अबू नाएफनं हायलला बोलावून घेतलं.

"हे बग, मला दोगांबी दुखवायचं न्हाई," तो म्हणाला. "तुजा फोन मानसं वळकत न्हाई, म्हंजे त्याला भीडबी न्हाई. त्यो काय म्हनंल ते मी करतो. बेस्तरवारपतूर सांग. खालाची वांगी चालत असतील तर ऱ्हातील. न्हाईतर रमजानात फळी कारखान्याची."

हायल खुशीत घरी आला. फोन त्याचा, फोटो त्याचे, खालाचा माल चोख. त्यानं आठवड्या-आठवड्याला काढलेले सगळे फोटो फोनाला दाखवले आणि विचारलं. गल्ल्यावरचा हिशोब मागता आला असता, पण खालाच्या बरण्यांना रेघांचं लेबल, म्हणजे बारकोड, नव्हतं, गल्ल्यावरचा माणूस सगळ्याला 'लोणचं' म्हणून एकच बटण दाबायचा. फोटो तेवढेच खरे.

फोनानं उत्तर दिलं आणि हायलच्या तोंडाचं पाणी पळालं. सगळ्या फोटोंत खालाची फळी पहिल्यापासनं शेवटपर्यंत भरलेली दिसते, बरण्या जागच्या हललेल्या नाहीत. ह्यावरून माल खपत नाही असं दिसतं. फळी सोडावी आणि उरलेला माल लहान दुकानांत द्यावा.

त्यानं तीन तऱ्हांनी विचारून बघितलं. उत्तर तेच.

"आता खालाला सांगायचं कसं?" हायल मला म्हणाला.

"फोनालाच सांगायला लाव की."

"ती फोन इहिरीत टाकंल."

शेवटी दोघं माझ्या गाडीतनं अजलूनला गेलो. खाला अंगणात शेळीच्या मागं लागली होती. आम्हाला बघून तिनं शेळीला सोडलं आणि ताट मांडलं. भाकरी, चहा, आणि वाडग्यात तिची वांगी. हायल घास मोडायचा आणि तसाच ठेवायचा.

"काय रं, बायकूनं हाकाललं व्हय परत?" खाला म्हणाली.

"न्हाई खाला. ते तुमची वांगी… दुकानात हलंनात."

"हलंनात म्हंजे? वांगी हाईत ती. हलाय काय उंट हाईत?"

"खपंनात."

"कोन म्हनतंय?"

हायलनं फोन पुढं केला. खालानं त्याच्याकडं बघितलंही नाही.

"ह्यो हितं कदी जेवाय आला व्हता? न्हाई ना? मग ह्याला काय कळतंय." ती उठली. "चला माज्यासंगं. दोगंबी."

तळघराचं दार उघडून तिनं दिवा लावला. शरदात मी स्वतः त्या खोलीत बरण्या उतरवायला होतो, तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. आता एका भिंतीला बरण्या आणि बाकी नुसती थंडगार फरशी. तिथं मांजर पिलं घालून बसलं होतं.

"दुधाची गाडी दर आटवड्याला इती," खाला म्हणाली. "अबू नाएफच्या मानसाचा निरोप, आनखी द्या, आनखी द्या. मी देती, पैशाचा हिशोब ईदला. आता तू म्हनतूस कुनी घेत न्हाई. मग खातंय कोन? जिन?"

हायल उंबऱ्यावरच बसला. तिथंच बसून त्यानं फोनाला सगळं सांगितलं, मांजरासकट. मी वाकून वाचत होतो.

फोनानं लिहिलं, "मग माझा आधीचा निष्कर्ष चुकीचा असू शकतो. मी फक्त फोटोंवरून बोललो होतो. तळघर रिकामं होतंय आणि फळी मात्र नेहमी भरलेली दिसतेय, म्हणजे फोटोच्या आधी कुणीतरी फळी भरत असावं. दुकानात पोचल्यापासून फोटो काढेपर्यंत काय काय होतं, ते ओळीनं सांगाल का?"

हायल सांगायला लागला. "गाडी लावतो. अबू नाएफ दारात येतो. गळाभेट. मग वर खोलीत कॉफी. पोराबाळांची इचारपूस, पावसाची, रानातल्या ऑलिव्हची. आनखी एक कॉफी. मग खाली येतो, फळीला जरा हात फिरवतो आन्…" तो थांबला. आपल्या हाताकडं बघत बसला.

"काय झालं?" खालानं विचारलं.

"खाला, दादल्याचा भाऊ शहरातनं यायचा झाला की तुमी काय करता?"

"काय करती? घर झाडती, ताट भरून ठिवती. रिकामं ताट पावन्याम्होरं ठिवीन व्हय मी?"

"तेच झालंय," हायल म्हणाला.

आमच्याकडं कुणाच्याही डोक्यात हे आलं नसतं, कारण ह्यात कुणी काही लबाडी केलीच नव्हती. पाहुणा आला, तो वर कॉफी घेतोय, तोवर खाली शिहाता फळ्या भरतोय. शिहाता म्हणजे अबू नाएफकडचा इजिप्तहून आलेला गडी, मोठा कामाचा. आणि एवढं करून कुठं फट राहिलीच, तर फोटोआधी हायलचे हात होतेच.

फोनाचं म्हणणं सरळ होतं. कुणी हात लावायच्या आत फळी बघा. पण फोनाला सांगायला काय जातं? अबू नाएफच्या दारात जायचं आणि कॉफी न घेता थेट मालाकडं धावायचं म्हणजे त्याला सगळ्या बाजारात हलकं करणं. आणि चोरून शिरायचं तर हायलला ओळखत नाही असं त्या दुकानात कुणी नाही.

"मग कॉफी घे की," खाला म्हणाली. "निस्ती पिऊ नगंस."

हायलनं तिच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मला तेव्हाच कळलं की बेस्तरवारी आपली शोभा होणार.

बेस्तरवारी अबू नाएफनं नेहमीसारखं आम्हाला वर नेलं. कॉफी आली. हायलनं इवलासा कप घेतला आणि ओठाला न लावता समोर जमिनीवर ठेवला.

आता कॉफी अशी खाली ठेवायची रीत आमच्यात आहे, पण ती मोठ्या कामाला. खुनाचं वैर मिटवायचं असलं, नाहीतर सोयरीक मागायची असली, तर गावची जाणती माणसं अशी कॉफी ठेवतात आणि मागणं मान्य होईतोवर घोट घेत नाहीत. अबू नाएफच्या घरी तीन उपवर पोरी. तो ताठ बसला.

"हायल," तो हळूच म्हणाला, "तुजं लगीन झालंया. ह्यो तुजा मेव्हना शेजारी बसलाय."

"पोरगी न्हाई मागत."

"मग मुडदा कुनाचा पडलाय?"

"कुनाचाबी न्हाई. फळी बगायचीय. आत्ता. शिहातानं हात लावायच्या आत."

अबू नाएफनं कपाकडं बोट केलं. "वांग्यापायी कॉफी ठिवलीस?" तो म्हणाला. "माज्या बानं दोन जमातींचं वैर मिटवताना ठिवलेली मी बगितलीय. आन् तू वांग्यापायी?"

"खालाचं वरीसभराचं वांगं हाय, अबू नाएफ."

"पी बाबा," तो म्हणाला. "दिली फळी बगायला. पी, न्हाईतर निवंल."

हायलनं एका घोटात कॉफी संपवली आणि तिघं जिना उतरलो. खाली शिहाता दोन्ही काखांत बरण्या घेऊन कोठारातनं येतच होता. आम्हाला बघून जागच्या जागी थिजला.

"बाशा, एवढ्यात?" तो हायलला म्हणाला. बाशा म्हणजे साहेब, तो सगळ्यांनाच तसं म्हणायचा. "आज काय वरची कॉफी संपली?"

"हितंच हुबा ऱ्हा. हलू नगंस."

खालाची फळी म्हातारीच्या बोळक्या तोंडासारखी दिसत होती. मागं दोनचार बरण्या, पुढं नुसती तेलाची वर्तुळं. शेजारी कारखान्याच्या बरण्या पलटणीसारख्या उभ्या, आणि खांद्यांवर धूळ. अबू नाएफनं एका बरणीवरनं बोट फिरवलं, बोट बघितलं आणि सदऱ्याला पुसलं.

"कवापासनं असं हाय?" त्यानं शिहाताला विचारलं.

"पयल्यापासनं, बाशा. आठवड्यात दोनदा भरतो."

"आन् मला बोलला न्हाईस?"

"फळी रिकामी ऱ्हाती हे मालकाला सांगायचं? ऱ्हाऊच देत न्हाई मी."

आणि हायलची गंमत अशी की फोटो काढायला फोन उचलला, तर दुसरा हात आपोआप मागची बरणी पुढं ओढायला निघाला. मी तो मनगटात धरला. मी तसाच धरून ठेवला, तेव्हा कुठं हायलनं दुसऱ्या हातानं फोटो काढला. आजूबाजूच्या बाया बघत होत्या. एकीनं पोराला जवळ ओढून घेतलं.

त्या एका फोटोवर आणि शिहाताच्या तोंडच्या माहितीवर फोनानं सगळं फिरवून सांगितलं. हा माल लोणच्यांत ठेवू नका. लोक तो न्याहारीला घेतात, रमजानात रोजा धरायच्या आधी पहाटे सहरीला घेतील, तेव्हा भाकरी आणि चहाच्या मधे ठेवा. लहान बरण्या डोळ्यासमोर, घरखर्चाच्या मोठ्या खाली. रेघांचं लेबल लावा, म्हणजे फोटोवर विसंबायला नको. अबू नाएफनं दिल्या शब्दाला जागून त्याच दिवशी कारखान्याच्या माणसाला कॉफी पाजली आणि नाही म्हणून सांगितलं. भाकरीशेजारची फळी खालाची झाली.

पण रमजान निम्म्यावर आला आणि खालाच्या तळघरात मांजराशिवाय काही उरलं नाही. नवी वांगी शरदात. अबू नाएफ फोनवर फोन करायला लागला. कारखान्याचा माणूस परत दुकानात दिसू लागला होता.

हायल घाबराघुबरा अजलूनला गेला, मीही गेलो. खाला अंगणात बसून फडक्यात बांधलेलं शेळीचं दही पिळत होती. शेजारी घट्ट गोळे वळून मांडलेले, आणि जावा ते तेलाच्या बरण्यांत सोडत होत्या.

"खाला, हे काय?"

"शेळ्या काय शरदाची वाट बगत न्हाईत," ती म्हणाली. हात फडक्याला पुसले आणि एक हायलसमोर पसरला. "दे तुजा फोन. माजं मी बोलती."

हायलनं भीत भीत दिला. खालानं तो कान धरावा तसा धरला, तोंडाजवळ नेला आणि नव्या सुनेला सांगावं तसं सांगायला लागली:

"ऐक गं बये. दह्याचं गोळं हाईत, तेलातलं. थोडं मिरचीचं, थोडं झातरचं. फळी भाकरीशेजारीच पायजे. आता कंचं म्होरं ठिवू आन् कंचं मागं, तेवडं सांग."