हात खाली, हात वर

"युवर ग्रँडफादर कम हिअर टुमॉरो," विनायक गुरुजी म्हणाले.

"अहो गुरुजी, आजोबा केव्हाच गेले ना? मग उद्या कसे येतील? भूत होऊन?" मी विचारलं.

सगळा क्लास फिदीफिदी हसला. गुरुजीही हसले, पण कपाळावर घाम होता.

फ्रीगंजमध्ये माझा स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे. गुरुजी शिप्रेकाठी राम घाटावर पूजा सांगतात. त्यांच्या आजोबांपासूनच्या एका यजमान घराण्यातली नात परदेशातून येणार होती. लग्न नुकतंच झालेलं, नवरा गोरा, जोडीने शिप्रापूजन करायचं होतं. तिने फोनवर साफ सांगितलं होतं, सगळं इंग्रजीत समजावून सांगा, नाहीतर आम्ही दुसरे गुरुजी बघू.

"मॅडम, हे घराणं हातचं गेलं तर वडिलांना काय तोंड दाखवू? अब आप ही कुछ करो."

काळ तीनच. झालं ते पास्ट, नेहमीचं ते प्रेझेंट, होणार ते फ्यूचर. केम, कम, विल कम. फळ्यावर गुरुजी बरोबर लिहायचे. तोंड उघडलं की नुसती खिचडी! शेवटी माझं डोकं फिरलं.

"एवढे मंत्र पाठ आहेत तुमचे, आणि हे एवढंसं राहत नाही?"

"मंत्र काय नुसते तोंडात राहतात, मॅडम? हातात राहतात."

त्यांनी म्हणून दाखवलं. स्वर उतरला की हात खाली, चढला की हात वर. पाठशाळेत असंच शिकवतात. गुरूंनी एकदा म्हणायचं, शिष्याने दोनदा. त्याला संथा म्हणतात.

मी खडू ठेवून दिला. "चला, आता माझ्याकडून संथा घ्या!"

केम, हात खाली. कम, हात छातीशी. विल कम, हात वर. बघता बघता सगळा क्लास म्हणायला लागला. शेजारचे कोचिंगवाले सर दारात डोकावले, "मॅडम, हवन कब है?" आम्ही कसले थांबतोय!

पूजेच्या दिवशी मीही घाटावर गेले.

"युवर ग्रँडफादर केम हिअर." गुरुजींचा हात खाली. "ही सॅट हिअर. माय ग्रँडफादर सॅट विथ हिम." नातीने घाटाच्या त्या पायरीवर हळूच हात फिरवला. तिचे डोळे भरून आले. "टुडे यू सिट हिअर." हात छातीशी. एक चूक नाही! मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

आणि बघते तर काय, गोरे जावईही हात हलवतायत! त्यांना वाटलं, हाही विधीच. मग नातही हलवायला लागली. गुरुजींनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी खुणेनेच सांगितलं, चलने दो.

निघताना तिने वाकून नमस्कार केला. "गुरुजी, वुई विल कम अगेन," ती म्हणाली, आणि दोघांचे हात आपसूक वर गेले. गुरुजींचाही गेला. खोटं कशाला सांगू, माझाही.

फळा मी अजून वापरते. पण नवा विद्यार्थी आला की आधी विचारते, तुमचं पाठांतर राहतं कुठे?