खिळ्यावरची केबल

खामगावच्या त्या जिनिंगमध्ये, वजनकाट्याच्या खोलीत जानरावांनी सत्तावीस वर्षं काढली होती. आता खुर्ची जायची वेळ आली होती. यंदा कॉम्प्युटरवर नवा प्रोग्राम बसल्यापासून सकाळच्या पहिल्या कापूसगाड्यांची वजनं ऑफिसात पोचत नव्हती. दहा वाजता कोणीतरी प्रोग्राम पुन्हा चालू केला की पोचायची. मालकाला वाटे, जानराव मुद्दाम बंद पाडतो. जानरावांना वाटे, मालकाला इथं भाचा बसवायचा आहे.

त्यात बिघाड शोधायला मालकानं समताला आणलं. मोताळ्याकडची पोर, कॉम्प्युटर चालवणारी लिनक्स प्रणाली शिकलेली. काळ्या पडद्यावरच्या ओळी वाचता वाचता ती म्हणाली, "काका, सकाळी आल्यावर आधी काय करता?"

पोलीसही असंच गोड सुरू करतात, जानरावांना वाटलं. "बटन दाबतो."

"अन् मंग?"

"मंग चहा पेतो. तेबी लिहिलं काय त्याच्यात?"

समता हसली. "नाही. हे लिहिलं, पाहा. प्रोग्राम कर्नलले, म्हणजे लिनक्सच्या मुख्य कारभाऱ्याले म्हणते, मले सॉकेट दे, बाहेरच्याशी बोलाची खिडकी. ते भेटते. मंग म्हणते, याले मशीनचा पत्ता बांध, मी ऑफिसची हाक ऐकत बसतो. पण रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटाले कर्नल म्हणते, असा पत्ता इथं नाहीच. प्रोग्राम गुमान उठून जाते, बंद पडते. नेटवर्क लागल्याबिगर पत्ता येत नाही, काका."

जानरावांची नजर भिंतीवरच्या खिळ्याकडे गेली. दोन वर्षांमागं वीज पडली, केबलमधून आली अन् जुना कॉम्प्युटर जळाला, बोलणी त्यांनी खाल्ली. तेव्हापासून रोज संध्याकाळी नेटवर्कची केबल काढून खिळ्याला. सकाळी बटन, चहा, मग केबल. सांगितलं तर मालक म्हणेल, सापडला. न सांगितलं तरी खुर्ची जाणारच.

"केबल मीच काढतो," ते म्हणाले. "रोज."

समतानं मालकाला बोलावलं. प्रोग्राममधली एक ओळ बदलली: ठरावीक पत्ता मागायचा नाही, मशीनला जो पत्ता येईल त्यावर ऐकायचं. मग केबल खिळ्यावरच ठेवून मशीन बंद करून चालू केलं. प्रोग्राम टिकला, ऐकत बसला. जानरावांनी केबल लावली. दारातल्या गाडीचं वजन ऑफिसच्या पडद्यावर उमटलं.

"मंग इतके दिवस काऊन नाही सांगितलं?" मालक म्हणाला.

"तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही नुसता संशय घेतला."

संध्याकाळी जानराव केबल गुंडाळत होते. मालक दारात थांबला, म्हणाला, "ऑफिसातली केबलबी काढत जा."

जानरावांनी मान हलवली. हा भरवसा की नवा सापळा, याचा विचार करत ते ऑफिसकडे निघाले.