क्रेनवाल्यांचा उशीर

समजा, तुम्ही लॅपटॉपसमोर बसला आहात. पडदा काळा आहे. उजव्या हाताचं एक बोट स्पेसबारवर टेकवून ठेवा. हिरवा गोल दिसला की लगेच दाबायचं, लाल गोल दिसला की अजिबात दाबायचं नाही. बस, एवढंच काम. हिरवा, हिरवा, हिरवा, पुन्हा हिरवा, आणि मधेच लाल! दाबलंत ना? लाजू नका, बहुतेक सगळेच दाबतात. हिरव्याला सरावलेलं बोट ऐन वेळी आवरताना मेंदूची जी तारांबळ उडते, तिचाच अभ्यास संघमित्रा मेश्राम करते.

संघमित्रा भिलाईच्या हुडको कॉलनीत राहते आणि मानसशास्त्र व मेंदूविज्ञान घेऊन पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचे आजोबा भंडाऱ्याकडून पोलाद कारखान्यात कामाला आले, वडील चंपतराव तिथंच क्रेन चालवतात. कॉलेजची पायरी चढणारी घरातली ती पहिली. बारावीला गणितात उत्तम मार्क असूनही तिनं इंजिनिअरिंगकडे पाठ फिरवली, तेव्हा शेजारचे गुलाबकाका कुंपणापलीकडून म्हणाले होते, "मंग का पागलायची डॉक्टर होशीन का वो?"

"नाई काका," ती म्हणाली होती, "शायन्यायचं डोकं कसं चालते ते पाहीन. तुमच्यापासूनच सुरू करू का?"

आणि शेवटच्या वर्षी तिनं खरंच त्यांच्यापासून सुरुवात केली. प्रकल्पाचा विषय तिनंच निवडला: नाइट शिफ्टनंतर माणसाचं लक्ष किती टिकतं. त्यासाठी परक्या देशातले आकडे कशाला हवेत? कॉलनीत घरोघरी नाइट करून आलेली माणसं डोळे चोळत चहा पीत असतात. हिरव्या-लाल गोलांचा प्रोग्राम तिनं स्वतः लिहिला. एकदा शिफ्टला जाण्याआधी आणि एकदा शिफ्टवरून आल्यावर, अशी प्रत्येकाची दोनदा चाचणी. लॅपटॉप काखेत मारून ती दारोदार फिरली. कुठं पोहे खाल्ले, कुठं लॅपटॉपवर भविष्य दिसतं असं समजून मारलेले "मेरी शादी का भी देख ले बेटा, कब होगी" असले टोमणे ऐकले, पण माणसं गोळा केली.

आकडे हाती आले तेव्हा ती खूश झाली. नाइटनंतर माणसं मंदावत होती, लाल गोलावर चुकत होती. अगदी पुस्तकात लिहावं तसं. फक्त क्रेनवाले सोडून.

क्रेनवाल्यांनी सगळा आलेख बिघडवला होता. ते नाइटच्या आधीही हळू, नाइटनंतरही हळू. हिरवा गोल दिसला तरी क्षणभर थांबून मग दाबत. कधीकधी तर दाबतच नसत. लाल गोलावर मात्र एकाचीही चूक नाही. त्यांच्यात चंपतराव होते, गुलाबकाका होते आणि कारखान्यातल्या त्यांच्या शॉपमधले, म्हणजे त्यांच्या विभागातले, आणखी काही जण होते.

तिच्या मार्गदर्शक रश्मी मॅडमनी आलेखावर पेन टेकवलं. "इनको हटा दो, संघमित्रा. लिख दो कि सूचना ठीक से समझ नहीं पाए."

"पर मॅम, सूचना मैंने खुद समझाई थी. दो-दो बार."

"तो फिर कारण बताओ. कारण नहीं है तो रिपोर्ट में वही लाइन जाएगी. अगले हफ्ते जमा करना है."

मॅडमचं बोलणं वाजवी होतं, हे संघमित्राला कळत होतं. मॅडमच्या जागी ती असती तर तिनंही हेच सांगितलं असतं. पण 'सूचना समजल्या नाहीत' हे वाक्य आपल्या नावाच्या रिपोर्टात, आपल्या हातानं, आपल्या बापाबद्दल लिहायचं? वितळलेल्या पोलादाचं भांडं माणसांच्या डोक्यावरून नेणाऱ्या लोकांना एक हिरवा गोल समजला नाही? तिला ते पटेना. आणि नुसतं न पटणं विज्ञानात चालत नाही, कारण दाखवावं लागतं.

रविवारी सकाळी तिनं गुलाबकाकांना पुन्हा बोलावलं आणि आपल्या घरात टेबलाशी बसवलं. या वेळी ती पडद्याकडे पाहत नव्हती, काकांच्या बोटाकडे पाहत होती. चाचणी रंगात आली होती. इतक्यात स्वयंपाकघराच्या दारातून तिच्या आईनं, कांताबाईंनी, पंजा उभारून खुणेनंच विचारलं, चहा टाकू का?

काकांचं बोट बटणावरून वर उचललं गेलं आणि तसंच अधांतरी राहिलं. पडद्यावर हिरवे गोल येत होते, जात होते.

"काका, दाबा ना! हिरवा हाय!"

"अवो, वहिनीनं हात दाखवला ना," काका म्हणाले, आणि मग स्वतःच दचकले. "आता मी कोठं क्रेनवर हाय? पाय बरं, कसा थांबलो मी!"

कांताबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "म्या चहाचं इचारलं भाऊजी, तुमी त गाडीच बंद केली!"

कोपऱ्यात पेपर वाचणारे चंपतराव मात्र हसले नाहीत. "बराबर थांबला तो. खालून कोनीबी हात दाखवला, का थांबाचं. मंग तो साहेब असो का झाडूवाला. कावून दाखवला, ते मागून इचाराचं."

"आन चालवाचं कोनाच्या खुणेवर?" संघमित्रानं विचारलं.

"चालवाचं फक्त आपल्या खलाशाच्या खुणेवर. दुसऱ्या कोनी कितीबी हात हालवले त नाई. आन त्याची खूण आली तरी आंधी खाली पाहून घ्याचं, मंग हँडल."

खलाशी म्हणजे जमिनीवर उभा राहून क्रेनवाल्याला हातानं दिशा दाखवणारा माणूस. त्याच्याबद्दल संघमित्रानं लहानपणापासून ऐकलं होतं. आज तिला त्या ऐकलेल्या गोष्टीत आपला आलेख दिसला. तिची चाचणी म्हणत होती, हिरव्यावर तुटून पडा. या माणसांचे हात मात्र वर्षानुवर्षं उलट शिकले होते: चालू करताना सबुरी, थांबताना क्षणाचाही विलंब नाही. मग तो उशीर थकव्याचा नव्हता, न समजण्याचाही नव्हता, सवयीचा होता!

पण हे झालं अनुमान. ते तपासायचं कसं, हेसुद्धा चहा संपायच्या आत तिला सुचलं. लाल गोल काढूनच टाकायचा. फक्त हिरवे ठेवायचे आणि तसं आधीच सांगून ठेवायचं. मेंदू मुळातच मंद असेल, तर तो इथंही मंदच राहील. आणि लाल येण्याच्या शक्यतेमुळे हात आवरला जात असेल, तर आता तो सुटेल. मॅडम 'सरावानं वेग वाढला' म्हणतील हे ओळखून तिनं निम्म्या क्रेनवाल्यांना नवी चाचणी आधी दिली आणि जुनी नंतर. नाइट करून आलेल्यांना तर तिनं दारातच गाठलं.

चंपतराव डबा खाली ठेवून तसेच टेबलाशी बसले.

"लाल येनार नाई ना? पक्कं?"

"पक्कं बाबा. एकबी नाई."

बोट जे सुटलं ते थांबेचना. चाचणी संपल्यावर त्यांनी आकडा पाहिला, मग लेकीचा आकडा मागितला. तिचा वेग कमी होता.

"म्हातारा झालो म्हने मी!" ते कांताबाईंना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले. "नाइट करून आलो तरी पोरीच्या पुढंच हाय."

बाकीच्या क्रेनवाल्यांचंही तसंच झालं. लाल गोल नाही म्हटल्यावर ते इतर कामगारांच्या बरोबरीनं धावले. नाइटनंतर थोडे मंदावले, पण इतरांइतकेच. लाल परत आणला की पुन्हा सावध. नवी चाचणी आधी द्या की नंतर, फरक पडला नाही.

रश्मी मॅडमनी नवे आलेख उलटसुलट पाहिले. अपेक्षेप्रमाणे पहिला प्रश्न सरावाचा आला आणि संघमित्रानं निम्म्या-निम्म्या क्रमाचा तक्ता पुढं केला. मग पेन उचलून मॅडमनी जुन्या आलेखाखाली स्वतःच लिहून ठेवलेल्या 'सूचना ठीक से समझ नहीं पाए' या ओळीवर आडवी रेघ मारली.

"ये अलग चॅप्टर बनेगा. बढ़िया है. लेकिन माणसं थोडी आहेत," मॅडम मराठीवर आल्या. त्या दुर्गच्या पद्मनाभपुरात राहायच्या, पण माहेर मराठी; खूश झाल्या की त्यांना ती भाषा आठवायची. "मोठा दावा करू नको."

"नाही करणार मॅम. जेवढं दिसलं तेवढंच लिहीन."

तिनं तसंच लिहिलं. एकाही क्रेनवाल्याला तिनं आकड्यांतून गाळलं नाही. रिपोर्ट वेळेवर जमा झाला. आता पुढच्या शिक्षणासाठी अर्ज भरताना 'कोणत्या प्रश्नावर काम करायचं आहे' असा रकाना आला की इतर मुलं मित्रांना फोन लावतात. संघमित्राला फोन लावावा लागत नाही. हालचाल आवरणारे मेंदूतले भाग कुठले, हे तिनं वाचलं आहे, पण पुस्तकं पुढचं सांगत नाहीत. गुलाबकाका लवकरच निवृत्त होणार आहेत. माणूस क्रेनच्या केबिनमधून कायमचा खाली उतरला, की मेंदूतला तो अर्धा दाबून ठेवलेला ब्रेक हळूहळू सुटतो, की जन्मभर तसाच राहतो?