लॅमिनेट केलेली चिठ्ठी

बंगळुरूच्या महादेवपुऱ्यात आयटी पार्कच्या मागे मेडिकल चालवायला लागले, तेव्हापासून माझ्याकडे औषधांपेक्षा किस्सेच जास्त साठलेत! एक सांगायला घ्यावा तर मागून दुसरा हजर. त्यातले निम्मे एकाच दुखण्याचे: बायकांना खाली होणारं फंगल इन्फेक्शन.

*

परवा एक आयटीवाली पोरगी आली. खोकल्याच्या गोळ्या घेतल्या. मग बँडेज. मग टूथब्रश! रांगेत मागे उभे असलेले काका गेल्याबरोबर पुटपुटली, "ताई, खाली खूप खाज येते. पांढरं जातं. ट्यूब द्या ना."

"पहिल्यांदाच होतंय?"

"हो."

"मग आधी डॉक्टरांना दाखव. प्रत्येक खाज फंगसचीच नसते."

"आणि हा टूथब्रश?"

"तो राहू दे, दात घासतेस ना!"

*

एक नवरा बायकोची चिठ्ठी घेऊन आला, गोळ्या घेऊन गेला. दहा मिनिटांत फोन! "ताई, गोळी केवढी मोठी! हिच्या घशाखाली उतरत नाहीये. अर्धी करून देऊ?"

"अहो थांबा! ती गिळायची नसते, आत ठेवायची असते!"

"कुठे आत?"

दुकानात सहा गिऱ्हाइकं! मी म्हटलं, "फोन बायकोला द्या!"

*

एकीनं कुठलासा व्हिडिओ बघून खाली अँटिसेप्टिकनं धुवायला सुरुवात केली. नुसती आग आग!

"पण ताई, जंतू मरतात ना?"

"अगं, फरशी आहे का ती?"

*

आणि आमच्या सावित्रीअक्का! पिढ्यान् पिढ्या बंगळुरूत राहिलेलं मराठी घर. डॉक्टरांची दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी त्यांनी चक्क लॅमिनेट करून ठेवलेली! खाज सुटली की चिठ्ठी काउंटरवर. वर्षात चौथ्यांदा आल्या तेव्हा मी हातच जोडले.

"अक्का, आता नाही. सारखं सारखं होतंय. डॉक्टरांकडे जा, शुगर तपासून घ्या."

"स्वल्प दे की गं, थोडीशी! डॉक्टरचा कागद आहे की!"

"नाही."

अक्का तरातरा निघून गेल्या. आठवडाभर मला चैन नाही. दुसरीकडून ट्यूब आणून गप्प बसल्या असतील तर?

मग एका संध्याकाळी, भर गर्दीत, अक्का हजर! "शुगर निघाली गं. बरीच आहे. औषध सुरू केलंय."

खाजेचं मूळ सापडलं एकदाचं! मला इतका आनंद झाला की मी काउंटरमागे उडीच मारली. कुणाला शुगर निघाली म्हणून उडी मारणारी मीच असेन!

अक्कांनी मागे उभ्या असलेल्या बाईंना हाताला धरून पुढे ओढलं.

"ही माझी जाऊ. हिलाही तसंच होतंय. हिला पण नाही म्हण!"